वॉकर चषक

वॉकर चषक ही हौशी गोल्फपटूंची सांघिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ग्रेट ब्रिटन व आयर्लंड हे दोनच संघ तीत भाग घेतात. स्पर्धा मॅच प्ले पद्धतीने, दोन दिवसांत आणि आलटून पालटून दोन्ही बाजूंच्या मैदानांवर होते. विजेत्यांना रोख पारितोषिक मिळत नाही. चषक आणि त्यासोबत येणारा मान एवढेच बक्षीस असते. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या दोन संस्था स्पर्धेचे आयोजन करतात. १९२२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेचा पन्नासावा सामना सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट येथे झाला. तोवरच्या पन्नास सामन्यांपैकी अमेरिकेने ४०, तर ग्रेट ब्रिटन व आयर्लंडने ९ जिंकले असून १ सामना बरोबरीत सुटला आहे.

नाव व उगम

पहिल्या महायुद्धानंतर अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील गोल्फ संस्थांमध्ये खेळाच्या नियमांत एकवाक्यता आणण्यासाठी बोलणी सुरू झाली. १९२० साली युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनचे अध्यक्ष जॉर्ज हर्बर्ट वॉकर होते. या भेटीगाठींतून आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेची कल्पना पुढे आली आणि वॉकर यांनी तीसाठी चषक देऊ केला. चषकाचे औपचारिक नाव ‘इंटरनॅशनल चॅलेंज ट्रॉफी’ असे होते. परंतु वृत्तपत्रांनी त्याला देणगीदाराचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. हेच वॉकर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांचे आजोबा आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे पणजोबा होत. बुश पितापुत्रांच्या नावांतील ‘वॉकर’ हा शब्द याच घराण्याचा आहे.

१९२१ च्या प्रारंभी गोल्फ खेळणाऱ्या सर्व देशांना स्पर्धेचे निमंत्रण पाठवण्यात आले. पण त्या वर्षी एकाही देशाला ते स्वीकारता आले नाही. म्हणून विल्यम फाउन्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी खेळाडूंचा एक गट इंग्लंडला गेला. ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी हॉयलेक येथील रॉयल लिव्हरपूल मैदानावर त्यांनी ब्रिटिश संघाशी अनौपचारिक सामना खेळून तो ९–३ असा जिंकला. या सामन्याची गणना अधिकृत यादीत होत नाही. १९२२ साली रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने आपला संघ न्यूयॉर्क राज्यातील ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ येथे पाठवला. तेथील पहिला अधिकृत सामना अमेरिकेने ८–४ असा जिंकला.

मॅच प्ले पद्धती

दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या बहुतेक गोल्फ स्पर्धा स्ट्रोक प्ले पद्धतीच्या असतात. तीत खेळाडूने सर्व होलांवर मिळून मारलेल्या फटक्यांची बेरीज होते आणि सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो. मॅच प्लेमध्ये बेरजेला अर्थ नसतो. तेथे प्रत्येक होल ही एक स्वतंत्र लढाई असते. ज्याने तो होल कमी फटक्यांत पूर्ण केला, त्याला एका होलची आघाडी मिळते. फटके सारखे झाल्यास होल बरोबरीत सुटतो. एखाद्या होलवर कोणी दहा फटके घेतले, तरी त्याचे नुकसान त्या एका होलापुरतेच राहते. पुढच्या टीवर तो नव्याने सुरुवात करू शकतो.

उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की लढत संपते. ‘३ आणि २’ असा निकाल असेल, तर विजेता तीन होलांनी पुढे होता आणि दोनच होल शिल्लक होते. आघाडी आणि शिल्लक होल यांची संख्या समान झाली, म्हणजे पिछाडीवरील खेळाडूला बरोबरीसाठी प्रत्येक होल जिंकणे भाग पडले, की त्या अवस्थेला ‘डॉर्मी’ असे म्हणतात. शेवटच्या होलापर्यंत गेलेल्या लढतीत विजय एका किंवा दोन होलांचा असतो. एकतर्फी विजयाचे प्रसिद्ध उदाहरण १९२८ सालचे आहे. त्या वर्षी शिकागो येथे अमेरिकेच्या बॉबी जोन्सने फिल पर्किन्सला एकेरीत ‘१३ आणि १२’ असे हरवले. त्या काळी एकेरी लढत ३६ होलांची असे. याचा अर्थ असा की चोवीस होल खेळून होईपर्यंत जोन्स तेरा होलांनी पुढे गेला होता आणि उरलेले बारा होल खेळण्याचे कारणच उरले नव्हते.

या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष व्यवहार करावा लागतो आणि नियमही त्यानुसार वेगळे आहेत.

• चेंडू होलच्या अगदी जवळ असेल, तर प्रतिस्पर्धी पुढचा फटका ‘दिला’ असे म्हणू शकतो. मग तो फटका न मारताच मोजला जातो. एकदा दिलेली सूट मागे घेता येत नाही आणि ज्याला ती मिळाली त्याला नाकारताही येत नाही. याच रीतीने संपूर्ण होल किंवा संपूर्ण लढतही प्रतिस्पर्ध्याला देता येते.

• ज्याचा चेंडू होलपासून अधिक दूर आहे, त्याने आधी खेळायचे असते. कोणी क्रम मोडला, तर प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून पुन्हा खेळायला लावू शकतो.

• आपण किती फटके घेतले हे विचारल्यावर खरे सांगणे बंधनकारक असते. चुकीचा आकडा सांगून तो वेळेत दुरुस्त केला नाही, तर होल गमवावा लागू शकतो. कारण त्या आकड्यावरच समोरच्याचे डावपेच अवलंबून असतात.

दुसऱ्याला फटका द्यावा की त्याला तो मारायला लावावा, हा मॅच प्लेमधील कायमचा प्रश्न आहे. दिवसभर लहान फटके उदारपणे देत राहिलेला खेळाडू ऐन मोक्याच्या क्षणी गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याचाही समोरच्याच्या मनावर परिणाम होतो. असे करणे पूर्णपणे नियमात बसते. म्हणूनच मॅच प्लेमध्ये कौशल्याइतकेच स्वभावाचेही दर्शन घडते.

लढतींचे प्रकार

वॉकर चषकात दोन प्रकारच्या लढती होतात.

फोरसम : यात दोन्ही बाजूंना दोन-दोन खेळाडू असतात, पण प्रत्येक जोडीचा चेंडू एकच असतो आणि दोघे तो आळीपाळीने मारतात. एक जण विषम क्रमांकाच्या होलांवर पहिला फटका मारतो, दुसरा सम क्रमांकाच्या. दंडाचा फटका पडला, तरी हा क्रम बदलत नाही. जोडीदाराने चेंडू झाडीत किंवा वाळूच्या खड्ड्यात पाठवला, तर तेथून तो बाहेर काढण्याचे काम दुसऱ्याला करावे लागते. त्यामुळे जोड्या लावताना केवळ खेळ नव्हे, तर दोघांचा स्वभाव जुळतो का, हेही कर्णधाराला पाहावे लागते.

एकेरी : एक खेळाडू विरुद्ध एक खेळाडू. यात सांघिक आधार केवळ मानसिक असतो. मात्र बाजूच्या लढतींत काय चालले आहे, हे प्रेक्षकांच्या आरोळ्यांवरून आणि गुणफलकावरून कळत राहते.

रायडर चषकात खेळला जाणारा फोरबॉल हा प्रकार वॉकर चषकात नाही. त्या प्रकारात चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतील ज्याची कामगिरी सरस, तीच त्या होलसाठी ग्राह्य धरली जाते.

स्पर्धेचे स्वरूप

१९६३ पूर्वी पहिल्या दिवशी चार फोरसम आणि दुसऱ्या दिवशी आठ एकेरी, अशा एकूण बारा लढती होत व प्रत्येक लढत ३६ होलांची असे. लढत जितकी लांब, तितका सरस खेळाडू वरचढ ठरण्याचा संभव अधिक. म्हणून ही रचना बलाढ्य संघाला अनुकूल होती. १९६३ साली टर्नबेरी येथील सामन्यापासून लढती १८ होलांच्या करण्यात आल्या आणि दोन्ही दिवशी फोरसम व एकेरी ठेवून एकूण संख्या २४ झाली.

२००९ पासून दुसऱ्या दिवशीच्या एकेरी लढती आठवरून दहा करण्यात आल्या. सध्याची रचना पुढीलप्रमाणे आहे.

• पहिला दिवस : सकाळी ४ फोरसम, दुपारी ८ एकेरी.

• दुसरा दिवस : सकाळी ४ फोरसम, दुपारी १० एकेरी.

प्रत्येक संघात दहा खेळाडू आणि स्वतः न खेळणारा एक कर्णधार असतो. पहिल्या तीन सत्रांत कर्णधाराला प्रत्येक वेळी दोघांना विश्रांती द्यावी लागते. शेवटच्या सत्रात मात्र दहाही जण मैदानात उतरतात. लढत जिंकल्यास एक गुण आणि बरोबरीत सुटल्यास दोन्ही संघांना अर्धा गुण मिळतो. एकूण २६ गुणांपैकी साडेतेरा गुण मिळवणारा संघ चषक जिंकतो. गुण १३–१३ झाल्यास आधीच्या विजेत्याकडेच चषक राहतो.

इतिहास

आरंभीची वर्षे

१९२२ च्या पहिल्या सामन्यातच एक अनोखी घटना घडली. लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे गोल्फ लेखक बर्नार्ड डार्विन हे सामन्याचे वृत्तांकन करण्यासाठी अमेरिकेला गेले होते. ते निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे नातू. ब्रिटिश कर्णधार रॉबर्ट हॅरिस आजारी पडल्यामुळे डार्विन यांना संघात घेण्यात आले आणि त्यांनी एकेरीत अमेरिकेचे कर्णधार फाउन्स यांना ‘३ आणि १’ असे हरवले. संघ पराभूत झाला. पण वार्ताहर मात्र विजयी ठरला.

१९२३ साली सेंट अँड्र्यूज येथे अमेरिकेला केवळ एका गुणाने विजय मिळाला. १९२४ नंतर दरवर्षी समुद्रपार संघ पाठवण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही बाजूंना जड वाटू लागला व सामना दोन वर्षांतून एकदा घेण्याचे ठरले. तोवर खेळाडूंना बोटीने प्रवास करावा लागे आणि नोकरी-व्यवसाय सोडून अनेक आठवडे बाहेर राहणे हौशी खेळाडूंना सोपे नव्हते. या काळात अमेरिकेकडे फ्रान्सिस विमे आणि बॉबी जोन्स यांच्यासारखे खेळाडू होते. विमेने १९१३ साली हौशी असूनही अमेरिकी खुली स्पर्धा जिंकली होती. जोन्सने १९३० साली ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही अजिंक्यपद स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी वॉकर चषकात तो अमेरिकेचा कर्णधारही होता.

१९३६ साली पाइन व्हॅली येथे ब्रिटिश संघाला बारापैकी एकही लढत जिंकता आली नाही. नऊ लढती हरल्या आणि तीन बरोबरीत सुटल्या. पहिले नऊ सामने ओळीने गमावल्यानंतर १९३८ साली सेंट अँड्र्यूज येथे जॉन बेक यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ७–४ असा पहिला विजय मिळवला. एक लढत बरोबरीत सुटली. त्या काळच्या निकालांत बरोबरीच्या लढती मोजल्या जात नसत, म्हणून जुन्या निकालांतील आकड्यांची बेरीज पुष्कळदा लढतींच्या संख्येपेक्षा कमी भरते.

युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३८ नंतरचा सामना थेट १९४७ साली झाला. यजमानपदाची पाळी अमेरिकेची होती. परंतु युद्धाने खचलेल्या ब्रिटनला संघ परदेशी पाठवणे कठीण होते, म्हणून अमेरिकी संघ सेंट अँड्र्यूजला गेला. तेव्हापासून सामने विषम वर्षी होऊ लागले. १९५९ व १९६१ या वर्षी अमेरिकेकडून तरुण जॅक निक्लॉस खेळला.

१९६५ साली बाल्टिमोर येथे स्पर्धेच्या इतिहासातील एकमेव बरोबरी झाली. अखेरच्या लढतीत ब्रिटनच्या क्लाइव्ह क्लार्कने शेवटच्या ग्रीनवर सुमारे ३५ फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला आणि आपली लढत व सामना दोन्ही बरोबरीत सोडवले. चषक मात्र नियमानुसार अमेरिकेकडेच राहिला.

१९७१ साली सेंट अँड्र्यूज येथे मायकेल बोनॅलॅक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन व आयर्लंडने पहिल्या सत्रातील चारही फोरसम जिंकल्या. नंतर अमेरिकेने आघाडी घेतली. पण अखेरच्या दुपारी आठपैकी सहा एकेरी जिंकून यजमानांनी सामना १३–११ असा आपल्या बाजूने फिरवला. दोन विजयांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर पडले होते.

१९८९ आणि त्यानंतर

अमेरिकेच्या भूमीवरील पहिला विजय ब्रिटन व आयर्लंडला १९८९ साली अटलांटा येथील पीचट्री मैदानावर मिळाला. अखेरच्या सत्रापूर्वी पाहुणे ११–५ असे पुढे होते आणि त्यांना आठ एकेरींतून केवळ दीड गुण हवा होता. तो दीड गुणही सहज मिळाला नाही. अमेरिकेने पाच लढती जिंकल्या. उरलेल्या तिन्ही बरोबरीत सुटल्या आणि पाहुण्यांना नेमका हवा तेवढाच दीड गुण मिळाला. यांतील एका लढतीत स्कॉटलंडच्या जिम मिलिगनने पिछाडीवरून येऊन अमेरिकेच्या अनुभवी जे सिगेलला बरोबरीत रोखले. सिगेल हा १९७७ ते १९९३ या काळात नऊ वेळा अमेरिकी संघात होता. अंतिम निकाल १२½–११½ असा लागला.

१९९५ साली वेल्समधील रॉयल पोर्थकॉल येथे एकोणीस वर्षांचा टायगर वुड्स अमेरिकी संघात होता. पहिल्या दिवशीच्या एकेरीत त्याच्याहून कितीतरी मोठ्या वयाच्या आणि लांब फटक्यांसाठी प्रसिद्ध नसलेल्या गॅरी वॉल्स्टनहोमने त्याला एका होलने हरवले. दुसऱ्या दिवशी वुड्सने त्याची परतफेड केली. मात्र सामना ब्रिटन व आयर्लंडने १४–१० असा जिंकला. ज्याला दूरवर मारता येते तोच जिंकतो असे नाही, हे मॅच प्लेचे मर्म सांगताना या लढतीचा दाखला अनेकदा दिला जातो.

१९९९, २००१ आणि २००३ असे सलग तीन विजय ब्रिटन व आयर्लंडने मिळवले. २००३, २००५ आणि २००७ या तिन्ही सामन्यांचा निकाल १२½–११½ असा, एकाच गुणाच्या फरकाने लागला. त्यांपैकी पहिला ब्रिटन व आयर्लंडने आणि नंतरचे दोन अमेरिकेने जिंकले. २०२१ साली फ्लोरिडातील सेमिनोल येथे पोटाच्या विकाराने दोन्ही संघांतील अनेक खेळाडू आजारी पडले आणि राखीव खेळाडूंना बोलावण्याची वेळ आली. तो सामना अमेरिकेने १४–१२ असा जिंकला.

असमतोल आणि चुरस

चाळीस विरुद्ध नऊ हा आकडा पाहता ही चुरस कसली, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु निकालांची कालखंडानुसार विभागणी केल्यास वेगळे चित्र दिसते. १९२२ ते १९८७ या काळातील ३१ सामन्यांपैकी ब्रिटन व आयर्लंडने फक्त दोन जिंकले. १९८९ ते २०१५ या काळातील १४ सामन्यांत मात्र दोन्ही संघांनी प्रत्येकी सात विजय मिळवले. २०१७ ते २०२५ मधील पाचही सामने पुन्हा अमेरिकेने जिंकले. ब्रिटन व आयर्लंडच्या नऊ विजयांपैकी सात मायभूमीवरील आहेत. अमेरिकेत त्यांना १९८९ व २००१ असे दोनच विजय मिळाले.

अमेरिकेच्या वर्चस्वाची काही कारणे उघड आहेत. तेथील लोकसंख्या मोठी आहे आणि विद्यापीठांमधील गोल्फची व्यवस्था सुसंघटित आहे. शिष्यवृत्ती, प्रशिक्षक आणि वर्षभराच्या स्पर्धा यांमुळे विद्यार्थी-खेळाडूंना जवळजवळ व्यावसायिकांसारखा सराव मिळतो. मधल्या काळात अंतर कमी होण्यामागे लढती १८ होलांच्या झाल्या, हे एक कारण मानता येते. दुसरे म्हणजे ब्रिटन व आयर्लंडचे अनेक तरुणही अमेरिकी विद्यापीठांतूनच शिकून येऊ लागले. १९९९ व २००१ च्या विजयी संघांत असलेला ल्यूक डोनाल्ड हा त्याचे उदाहरण होय.

अशीच विषमता व्यावसायिकांच्या रायडर चषकातही होती. तेथे १९७९ पासून ब्रिटन व आयर्लंडऐवजी संपूर्ण युरोपचा संघ खेळवण्यात आला आणि स्पर्धेचा तोल बदलला. वॉकर चषकाने तो मार्ग स्वीकारलेला नाही. युरोप खंडातील हौशी खेळाडूंशी ब्रिटन व आयर्लंडचा सामना सेंट अँड्र्यूज ट्रॉफी या वेगळ्या स्पर्धेत १९५६ पासून होत आला आहे.

मैत्री आणि शिष्टाचार

स्पर्धेचा मूळ हेतू महासागराच्या दोन्ही बाजूंच्या हौशी खेळाडूंना एकत्र आणणे हा होता आणि आजही तिच्या रीतींतून तो दिसतो. प्रारंभी दोन्ही देशांचे ध्वज समारंभपूर्वक उभारले जातात. अनेक मैदानांवर प्रेक्षकांना दोरखंडाआड थांबवले जात नाही. खेळाडूंनी फटके मारल्यावर लोक त्यांच्या मागोमाग फेअरवेवरून चालत जातात. लढत संपताच टोपी काढून हस्तांदोलन करण्याची प्रथा गोल्फमध्ये सर्वत्र आहे. येथे तिला अधिक अर्थ प्राप्त होतो, कारण समोरचा खेळाडू पुढे व्यावसायिक स्पर्धांत वर्षानुवर्षे भेटणार असतो.

मैत्रीपूर्ण सामना म्हणजे हार-जीत गौण मानणे नव्हे. नियमांच्या चौकटीत प्रतिस्पर्ध्याला काहीही फुकट न देणे आणि त्याच वेळी त्याच्या चांगल्या फटक्याला दाद देणे, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. या वृत्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र १९६९ च्या रायडर चषकातील आहे. रॉयल बर्कडेल येथे शेवटच्या लढतीच्या शेवटच्या होलवर वॉकर चषकाचा माजी खेळाडू जॅक निक्लॉस याने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला सुमारे दोन फुटांचा फटका दिला आणि संपूर्ण सामना १६–१६ असा बरोबरीत सुटला. जॅकलिनचा फटका चुकला असता, तर अमेरिकेने सामना जिंकला असता. चषक अमेरिकेकडे राहणारच होता. तरीही हे औदार्य निक्लॉसच्या संघातील सर्वांना रुचले नव्हते. सांघिक सामन्यात औदार्य दाखवण्याचा अधिकार एकट्या खेळाडूचा की संघाचा, हा प्रश्न त्या प्रसंगाने कायमचा मागे ठेवला.

हौशीपणाचा प्रश्न

हौशी खेळाडू म्हणजे पैशासाठी न खेळणारा. आरंभीच्या संघांतील बहुतेक जण वकील, दलाल, व्यापारी किंवा स्वतंत्र उत्पन्न असलेले गृहस्थ होते आणि गोल्फ हा त्यांचा आयुष्यभराचा छंद होता. आयर्लंडचा जो कार हा १९४७ पासून १९६७ पर्यंत या स्पर्धेशी खेळाडू म्हणून निगडित होता. आज संघांतील बहुतेक खेळाडू विशीच्या आसपासचे विद्यार्थी असतात आणि स्पर्धेनंतर लवकरच व्यावसायिक होतात. फिल मिकेलसन, पॅड्रिग हॅरिंग्टन, जस्टिन रोज, रोरी मॅकिलरॉय, जॉर्डन स्पीथ आणि स्कॉटी शेफलर हे सर्व आधी वॉकर चषकात खेळले. भारतीय वंशाचा अमेरिकी खेळाडू अक्षय भाटिया हा २०१९ च्या विजयी संघात होता. त्यानंतर लगेचच तो व्यावसायिक झाला.

यामुळे ही स्पर्धा हौशी खेळाचे शिखर आहे की व्यावसायिकतेची पायरी, असा वाद होतो. वित्तक्षेत्रात नोकरी करणारा अमेरिकेचा स्ट्युअर्ट हॅगस्टॅड २०१७ पासून सलग पाच संघांत निवडला गेला. त्याच्यासारखी उदाहरणे आता अपवादात्मक ठरतात. तरीही पुढे कोट्यवधींची कमाई करणारे खेळाडू या दोन दिवसांची आठवण आवर्जून काढतात. कारण एरवी एकट्याने खेळल्या जाणाऱ्या या खेळात दुसऱ्यासाठी खेळण्याचा अनुभव त्यांना येथे मिळतो.

क्लब पातळीवरील अनुकरण

दोन संघ, दोन दिवस, जोड्यांच्या आणि एकेरी लढती व अखेरीस एक चषक, हा साचा जगभरच्या गोल्फ क्लबांनी आणि मित्रमंडळांनी उचलला आहे. शनिवार-रविवारी एखाद्या मैदानावर जमून दोन गटांत विभागायचे आणि वर्षभर चषक कोणाकडे राहणार हे ठरवायचे, अशा सामन्यांची संख्या मोजता येण्यासारखी नाही. वॉकर चषकात सर्व खेळाडू समान पातळीवर, म्हणजे कोणतीही सवलत न घेता खेळतात. हौशी मंडळींच्या सामन्यांत मात्र खेळाडूंच्या कौशल्यात मोठी तफावत असते. ती भरून काढण्यासाठी हँडिकॅप वापरला जातो.

समजा, एकेरीत एका खेळाडूचा हँडिकॅप ८ आणि दुसऱ्याचा १४ आहे. फरक सहाचा, म्हणून दुसऱ्या खेळाडूला सर्वांत अवघड ठरवलेल्या सहा होलांवर प्रत्येकी एका फटक्याची सूट मिळते. तेथे त्याने पाच फटके घेतले, तर ते चार धरले जातात. २०२० साली लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीनुसार मॅच प्लेच्या एकेरीत पूर्ण फरक, फोरबॉलमध्ये प्रत्येकाच्या हँडिकॅपचे ९० टक्के आणि फोरसममध्ये जोडीच्या बेरजेचे ५० टक्के धरण्याची शिफारस आहे. या व्यवस्थेमुळे नवशिक्या आणि मुरलेला खेळाडू एकमेकांविरुद्ध खऱ्या अर्थाने खेळू शकतात. अशा सामन्यांत हँडिकॅप प्रामाणिकपणे नोंदवणे हाच मैत्रीचा पाया ठरतो. मुद्दाम जास्त हँडिकॅप राखून सवलत लाटणाऱ्याला गोल्फच्या वर्तुळात ‘सँडबॅगर’ असे हिणवले जाते.

संबंधित स्पर्धा

• कर्टिस चषक : महिला हौशी गोल्फपटूंची याच दोन संघांमधील स्पर्धा. १९३२ साली इंग्लंडमधील वेंटवर्थ येथे सुरू झाली. हॅरियट व मार्गारेट कर्टिस या भगिनींनी चषक दिला.

• रायडर चषक : व्यावसायिक पुरुष गोल्फपटूंची स्पर्धा. १९२७ साली सुरू झाली. बियाण्यांचे व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी चषक दिला.

• सेंट अँड्र्यूज ट्रॉफी : ग्रेट ब्रिटन व आयर्लंड विरुद्ध युरोप खंड यांच्यातील हौशी पुरुषांची स्पर्धा.

मैदाने

सर्वाधिक, म्हणजे नऊ सामने सेंट अँड्र्यूज येथे झाले असून त्यांतील अखेरचा २०२३ साली होता. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पहिला सामना १९९१ साली पोर्टमार्नॉक येथे, तर उत्तर आयर्लंडमध्ये २००७ साली रॉयल काउंटी डाउन येथे खेळवण्यात आला. पहिल्या सामन्याचे मैदान असलेल्या ‘नॅशनल गोल्फ लिंक्स’वर ही स्पर्धा ९१ वर्षांनी, २०१३ साली पुन्हा झाली. २०२५ नंतर स्पर्धा सम वर्षी घेण्याचे ठरले असून त्यानुसार २०२६ च्या सामन्यासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहिंच हे मैदान निवडण्यात आले.

ग्रेट ब्रिटन व आयर्लंडचे विजय

• १९३८ – सेंट अँड्र्यूज, ७–४

• १९७१ – सेंट अँड्र्यूज, १३–११

• १९८९ – पीचट्री, १२½–११½

• १९९५ – रॉयल पोर्थकॉल, १४–१०

• १९९९ – नेर्न, १५–९

• २००१ – ओशन फॉरेस्ट, १५–९

• २००३ – गँटन, १२½–११½

• २०११ – रॉयल ॲबरडीन, १४–१२

• २०१५ – रॉयल लिथम अँड सेंट ॲन्स, १६½–९½

हे सुद्धा पहा

• गोल्फ

• रायडर चषक

• कर्टिस चषक

• सेंट अँड्र्यूज